पाणी कोणी बाटवले?

भोपाळ म्हटले की आपल्याला एक रात्र आठवते. २ डिसेंबर १९८४ ची मध्यरात्र. युनियन कार्बाइडच्या कीटकनाशकांच्या कारखान्यातील एका टाकीतून सुमारे चाळीस टन मिथाइल आयसोसायनेट हा विषारी वायू बाहेर पडला आणि झोपेतून उठून पळणारी माणसे रस्त्यावर पडून मेली. या रात्रीवर पुस्तके झाली, चित्रपट झाले. दरवर्षी डिसेंबर आला की वृत्तपत्रे तिची आठवण काढतात. परंतु या रात्रीच्या आधीपासून सुरू झालेले आणि आजही न संपलेले असे एक दुसरे भोपाळ आहे. ते पाण्याचे भोपाळ. त्याला एक तारीख नाही, म्हणून त्याचा स्मृतिदिनही नाही. ज्या अन्यायाला तारीख नसते, त्याला इतिहासात शिरायला फार वेळ लागतो. अस्पृश्यतेच्या बाबतीत आपण हे अनुभवले आहे.

मी एका तालुक्याच्या गावी महाविद्यालयात इतिहास शिकवतो. महाडचा सत्याग्रह शिकवत असताना एका मुलीने विचारले, "सर, पाणी बाटणे आणि पाणी दूषित होणे, यांत फरक काय?" काही मुले हसली. मला मात्र त्या तासाला नीट उत्तर देता आले नाही. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेला मी पहिलाच. माझी आजी गावच्या विहिरीपासून दहा पावलांवर रिकामा हंडा ठेवून उभी राहात असे, कोणी तरी वरून पाणी ओतील याची वाट पाहात. ते पाणी गोड होते की मचूळ, हे तिने कधी सांगितले नाही. किती वेळ उभे राहावे लागे, एवढेच ती सांगे. पाण्याचा प्रश्न आमच्यापर्यंत पोहोचला तो असा, पाण्यापर्यंत पोहोचण्याचा प्रश्न म्हणून. त्या पाण्यात काय आहे हा प्रश्न विचारण्याची पाळीच आमच्यावर आली नव्हती. भोपाळच्या वस्त्यांवर ती आली. म्हणून त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मी भोपाळमध्ये शोधतो आहे.

एक

प्रथम कारखान्याचा इतिहास पाहू. युनियन कार्बाइड इंडिया लिमिटेडने भोपाळात १९६९ मध्ये काम सुरू केले. या कंपनीचे ५०.९ टक्के भाग अमेरिकेतील मूळ कंपनीकडे होते. जमीन मध्य प्रदेश शासनाची, भाडेपट्ट्याने दिलेली. आरंभी येथे कीटकनाशकांचे मिश्रण करून डबे भरले जात. पुढे सेव्हिन हे कीटकनाशक येथेच तयार होऊ लागले आणि १९८० पासून त्याला लागणारे मिथाइल आयसोसायनेटही. हरितक्रांतीचा तो काळ होता. शेतीला औषध हवे होते आणि औषधाचा कारखाना म्हणजे प्रगती, याविषयी कोणाच्या मनात शंका नव्हती.

कारखाना माल तयार करतो तसा मैलाही तयार करतो. मालाचा हिशेब वहीत असतो, मैल्याचा नसतो. येथील मैला दोन ठिकाणी गेला. काही कारखान्याच्या आवारातच खड्ड्यांत आणि उघड्या जमिनीवर टाकला गेला. उरलेले सांडपाणी १९७७ मध्ये आवाराबाहेर, उत्तरेस सुमारे चारशे मीटरवर बांधलेल्या तळ्यांत सोडले जाऊ लागले. ही तळी उन्हाने पाणी वाळवण्यासाठी होती. तळाशी प्लास्टिकचे अस्तर होते. पाणी वाफ होऊन जाईल, विष तळाशी राहील आणि अस्तर ते धरून ठेवील, अशी ही योजना.

ती फसणार हे कंपनीला आधी माहीत नव्हते काय? १९७२ च्या कंपनीच्या अंतर्गत टिपणात भोपाळ परिसरातील भूगर्भातले पाणी दूषित होण्याचा धोका नोंदवलेला आहे. तळी बांधल्यावर पाच वर्षांनी, १९८२ मध्ये, तळ्यांतून गळती होत असल्याच्या तारा भोपाळहून अमेरिकेला गेल्या. हे कागद तेव्हा कोणी पाहिले नाहीत. पुढे अमेरिकेतील न्यायालयात खटले चालले तेव्हा कंपनीला ते हजर करावे लागले आणि जगाला कळले. म्हणजे वायू सुटण्याच्या दोन वर्षे आधी पाण्यात विष उतरत होते, आणि ज्यांना ते माहीत होते ते दूर बसून तारा वाचत होते. जे ते पाणी पीत होते त्यांना कोणी तार पाठवली नाही.

विष खाली कसे उतरते हेही समजून घेतले पाहिजे, कारण 'इतकी वर्षे झाली, आता काय उरले असेल' असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. कार्बन टेट्राक्लोराइड, क्लोरोफॉर्म, डायक्लोरोबेंझीन ही द्रव्ये पाण्यापेक्षा जड असतात आणि पाण्यात फार थोडी विरघळतात. जमिनीवर सांडली की ती मातीतून, दगडाच्या फटींतून खाली खाली जातात आणि कुठे तरी अडकून बसतात. तेथून ती थोडी थोडी, वर्षानुवर्षे पाण्यात मिसळत राहतात. पावसाळ्यात पाण्याची पातळी वाढली की आणखी मिसळतात. ती यकृताला आणि मूत्रपिंडांना इजा करतात, त्यांतील काहींपासून कर्करोगाचा धोका असतो. पारा तर कधीच नाहीसा होत नाही. अशा विहिरीला कुंपण घालून भागत नाही, कारण जमिनीखालचे पाणी कारखान्याची भिंत जाणत नाही.

दोन

या पाण्यावर कोण राहात होते? जयप्रकाश नगर, काझी कॅम्प, आरिफ नगर, अन्नू नगर, शिव नगर, प्रेम नगर, अटल अय्यूब नगर, नवाब कॉलनी, ब्लू मून कॉलनी. नावे वाचली तरी वस्ती कळते. मोठ्या संख्येने मुसलमान, त्यांच्या जोडीने दलित आणि मागास जातींतील हिंदू. हमाल, बिडी वळणाऱ्या बायका, हातगाडीवाले, गवंड्याच्या हाताखालचे मजूर. या सगळ्यांना एका शब्दात 'दलित' म्हणून आपण मोकळे होऊ नये. ते खरे होणार नाही आणि त्यांच्यावर अन्यायही होईल. परंतु गावाचा उतार जिकडे, तिकडे आमचा वाडा, हा जो गावगाड्याचा नियम होता, तोच शहराने आपल्या पद्धतीने पाळला. स्वस्त जमीन जिकडे, तिकडे ही माणसे. स्वस्त का, तर शेजारी कारखाना आणि रेल्वेचे रूळ. १९८४ मध्ये मध्य प्रदेश शासनाने झोपडपट्टीवासीयांना जागेचे पट्टे दिले. पट्ट्यावर जमिनीचे माप होते. जमिनीखाली काय आहे हे कोणत्याही पट्ट्यावर लिहिलेले नसते.

या वस्त्यांत नळ नव्हते. हातपंप होते. शासनाने जमिनीत भोक पाडून पंप बसवला की पाणीपुरवठ्याचे काम झाले असे समजले जाई. काही पंपांच्या पाण्याला वास येई, लोक तक्रार करीत. कालांतराने अनेक पंपांना लाल रंग फासण्यात आला. हे पाणी पिऊ नका, एवढाच त्या रंगाचा अर्थ. मग कोणते पाणी प्यावे, हे मात्र सांगितले गेले नाही. लाल रंगाच्या पंपावरही हंडे भरले जात राहिले, कारण तहान रंग पाहात नाही.

तीन

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. पाणी विषारी आहे हे कोणी सिद्ध करावयाचे?

१९९० मध्ये नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने तळ्यांच्या परिसराची पाहणी केली आणि दूषण नसल्याचा निर्वाळा दिला. त्याच सुमारास भोपाळच्या कार्यकर्त्यांनी पाण्याचे आणि मातीचे नमुने अमेरिकेतील बोस्टन येथील एका नागरिक-प्रयोगशाळेकडे पाठवले. तेथे विषारी द्रव्ये सापडली. १९९६ मध्ये मध्य प्रदेशाच्या सार्वजनिक आरोग्य अभियांत्रिकी विभागाच्या प्रयोगशाळेलाही या कूपनलिकांच्या पाण्यात रसायने आढळली आणि हे पाणी पिणे थांबवावे असे तिने लिहिले. १९९७ मध्ये नागपूरच्या संस्थेचा दुसरा अहवाल आला. आवारातील माती दूषित आहे, परंतु भूजल नाही, असे त्यात म्हटले होते. हे काम कारखान्याच्या तेव्हाच्या मालक कंपनीसाठी केलेले होते. १९९९ मध्ये ग्रीनपीस या संघटनेने स्वतंत्र नमुने तपासले. एका ठिकाणच्या भूजलात कार्बन टेट्राक्लोराइडचे प्रमाण जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादेच्या १,७०५ पट निघाले. २००९ मध्ये दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्नमेंट या संस्थेला कारखान्यापासून तीन किलोमीटर अंतरावरच्या भूजलातही त्याच कारखान्याच्या रसायनांच्या खुणा सापडल्या. आणि २०१० मध्ये, हैदराबादच्या भूभौतिकी संस्थेबरोबर केलेल्या नव्या अभ्यासात, नागपूरच्या त्याच संस्थेने काही विहिरींत दूषण असल्याचे आणि सुमारे अकरा लाख टन माती शुद्ध करावी लागेल असे नोंदवले.

वीस वर्षे गेली. १९९० मध्ये जन्मलेले मूल २०१० मध्ये वीस वर्षांचे झाले, आणि या वीस वर्षांत ते काय पीत होते याचे उत्तर त्याला मिळाले. शास्त्रज्ञांचा हेतू वाईट होता असे मला म्हणावयाचे नाही. शास्त्र चुकते आणि स्वतःला सुधारते, हे त्याचे सामर्थ्यच आहे, आणि आपली चळवळ विज्ञाननिष्ठेची आहे. प्रश्न निराळा आहे. शंका असताना कोणाच्या बाजूने निर्णय घ्यायचा? या वीस वर्षांत शंकेचा प्रत्येक फायदा कारखान्याला मिळाला आणि शंकेचा प्रत्येक तोटा हातपंपावरच्या बाईला.

येथे महाडची आठवण होणे अपरिहार्य आहे. १९२३ मध्ये मुंबई विधिमंडळाने सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा ठराव केला, महाड नगरपालिकेने त्याला अनुसरून ठराव केला, आणि २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांनी हजारो लोकांसह चवदार तळ्याचे पाणी प्याले. लगेच तळे बाटले. ते बाटले हे सिद्ध करण्यासाठी कोणत्याही प्रयोगशाळेची गरज पडली नाही. नमुना घेतला नाही, अहवाल मागवला नाही, वीस वर्षे थांबले नाहीत. माणसाचा हात लागला एवढे पुरे झाले. पंचगव्य ओतून, मंत्र म्हणून तळे 'शुद्ध' करण्यात आले, आणि शुद्धीचे काम किती तत्परतेने झाले! भोपाळात पाण्यात पारा आणि क्लोरोफॉर्म असल्याचे कागद समोर असताना शुद्धीचे काम अजून सुरू व्हावयाचे आहे.

त्या मुलीच्या प्रश्नाचे माझे उत्तर असे आहे. बाटणे आणि दूषित होणे यांत पाण्याच्या दृष्टीने काडीचेही साम्य नाही. एक खोटे आहे, दुसरे खरे. परंतु दोन्हींत एक प्रश्न समान आहे : निर्णय कोण देतो आणि पुरावा कोणाला मागतो? जातिव्यवस्थेने अस्पृश्याला पुरावा न मागता दोषी ठरवले. आधुनिक व्यवस्थेने कंपनीला पुरावा मिळूनही बराच काळ निर्दोष राहू दिले. पाणी बिघडवल्याचा आरोप ज्याच्यावर सहज चिकटतो आणि ज्याच्यावर काही केल्या चिकटत नाही, ते दोघे समाजाच्या दोन टोकांना उभे आहेत.

चार

कायद्याने काय केले? महाडच्या बाबतीत सवर्णांनी १९२७ मध्ये दावा लावला. तळे आमचे खाजगी आहे आणि अस्पृश्यांना दूर ठेवण्याची रूढी अनादि आहे, असे त्यांचे म्हणणे. दहा वर्षे खटला चालला आणि १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने निर्णय दिला की अशी अनादि रूढी सिद्ध झालेली नाही. पुरावा देण्याचे ओझे ज्याने हक्क नाकारला त्याच्यावर होते. म्हणून आपण जिंकलो. हा तपशील आपण वर्गात सांगत नाही, परंतु तो महत्त्वाचा आहे.

स्वतंत्र भारताचा कायदाही याच दिशेने गेला. वायुकांडानंतर दोनच वर्षांनी, डिसेंबर १९८६ मध्ये, दिल्लीतील एका रासायनिक कारखान्याच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की धोकादायक उद्योग चालवणाऱ्याची जबाबदारी निरपवाद आहे. फेब्रुवारी १९९६ मध्ये उदेपूरजवळच्या बिछडी गावच्या खटल्यात, जेथे कारखान्याच्या मैल्याने विहिरींचे पाणी काळपट झाले होते, न्यायालयाने निकाल दिला की दूषण करणाऱ्यानेच शुद्धीचा खर्च सोसावा. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये तामिळनाडूतील चामड्याच्या कारखान्यांच्या खटल्यात त्याच न्यायालयाने सांगितले की आपला उद्योग निरुपद्रवी आहे हे सिद्ध करण्याचे ओझे उद्योजकावर आहे. म्हणजे १९९६ पर्यंत आपल्या कायद्याला सर्व काही ठाऊक झाले होते. कमी पडला तो कायदा नव्हे. तो कोणासाठी वापरायचा ही इच्छा कमी पडली.

कारण भोपाळात दरम्यान मालक पुसला जात होता. १९८९ मध्ये ४७ कोटी डॉलरवर तडजोड झाली. ती वायूची होती, पाण्याची नव्हती. १९९४ मध्ये अमेरिकन कंपनीने आपले भाग विकले आणि भारतीय कंपनीचे नाव बदलले. १९९८ मध्ये जमीन राज्य शासनाला परत गेली, विषासकट. २००१ मध्ये डाऊ केमिकल या कंपनीने मूळ अमेरिकन कंपनीच विकत घेतली, आणि आपण तो कारखाना कधी चालवला नाही, असे ती म्हणते. पाण्याने पीडित लोकांनी १९९९ पासून अमेरिकेच्या न्यायालयात दाद मागितली. २०१६ पर्यंत ते लढले. तेथे शेवटी निर्णय झाला तो असा की मैल्याची व्यवस्था भारतीय कंपनीने केली, अमेरिकन कंपनी जबाबदार नाही. भारतीय कंपनी तर आता त्या नावाने उरलीच नाही. केंद्र शासनाची वाढीव भरपाईची फेरयाचिका सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ मध्ये फेटाळली.

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. वायुकांडाची भरपाई मिळण्यासाठी त्या रात्री तेथे असल्याचा पुरावा लागतो. जे नंतर राहायला आले किंवा नंतर जन्मले, आणि ज्यांनी वायू नव्हे तर पाणी घेतले, ते कायद्याच्या दृष्टीने पीडितच नाहीत. त्यांच्यासाठी कोणतीही तडजोड झालेली नाही. त्यांची संख्या वाढत आहे. सुरुवातीला चौदा वस्त्यांचे पाणी दूषित मानले गेले होते. पुढे बावीस झाल्या, नंतर बेचाळीस.

पाच

या लोकांना जे काही मिळाले ते त्यांनी चालून मिळवले. मे २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वस्त्यांना शुद्ध पाणी द्यावे असा आदेश दिला. आदेशानंतर टँकर आले, गल्लीच्या तोंडाशी काळ्या प्लास्टिकच्या टाक्या आल्या, नळ मात्र आले नाहीत. २००६ मध्ये हे लोक भोपाळहून दिल्लीपर्यंत पायी गेले. त्यांत म्हाताऱ्या बायका होत्या, मुले होती. २००८ मध्ये पुन्हा गेले. मागणी काय, तर पिण्याचे पाणी. रशीदा बी आणि चंपादेवी शुक्ला या दोन स्त्रिया या लढ्याच्या पुढे होत्या. एक मुसलमान, एक ब्राह्मण, दोघी एकाच स्टेशनरीच्या कारखान्यात कामाला. २००४ मध्ये त्यांना गोल्डमन पुरस्कार मिळाला, आणि त्याची रक्कम त्यांनी अपंग जन्मलेल्या मुलांच्या उपचारासाठी लावली. अब्दुल जब्बार यांनी तर २०१९ मध्ये मृत्यू येईपर्यंत पीडितांची संघटना चालवली. जातधर्म ओलांडून उभी राहिलेली ही पाण्याची चळवळ आहे. आपण तिच्याकडे किती पाहिले? आमच्या सभांतून भोपाळचे नाव मी क्वचितच ऐकले आहे. पर्यावरण हा सुखवस्तू लोकांचा विषय, झाडे लावणाऱ्यांचा विषय, असे आपण मानत आलो. महाडचे वारस म्हणवणाऱ्यांकडून ही चूक व्हायला नको होती.

सहा

हा इतिहास आजच लिहिण्याचे कारण आहे. जानेवारी २०२५ मध्ये कारखान्यात साठवलेला ३३७ टन विषारी कचरा बारा कंटेनरांतून भोपाळबाहेर नेण्यात आला. तो गेला धार जिल्ह्यातील पिथमपूरला. तेथील लोकांनी विरोध केला, दोघांनी अंगावर ओतून पेटवून घेण्याचा प्रयत्न केला. भट्टीच्या शेजारच्या गावातील माणसे विचारीत होती, भोपाळचे विष आमच्या दारी का? जून २०२५ अखेर तो कचरा जाळून झाला. भोपाळचा कलंक पुसला गेला, असे आता म्हटले जाईल.

म्हणून दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. नेला तो ३३७ टन. जमिनीत शुद्ध करावयाची माती २०१० च्या अहवालाप्रमाणे अकरा लाख टन. दहा हजार भाग धरले तर गेलेला कचरा त्यांच्यापुढे तीन भागांएवढा. शिवाय वाळवणीच्या तळ्यांची जागा तशीच आहे, आणि तिच्याखालचे पाणीही. जे डोळ्यांना दिसत होते ते नेले, जे दिसत नाही ते ठेवले. पंचगव्याने केलेली शुद्धी याहून फारशी निराळी नव्हती.

महाडच्या सत्याग्रहाला २०२७ मध्ये शंभर वर्षे होतील. त्या महाडात आता रासायनिक कारखान्यांची औद्योगिक वसाहत आहे आणि सावित्री नदीच्या पाण्याविषयी तक्रारी आहेत. आपण शताब्दी साजरी करू, भाषणे करू, तळ्याकाठी गर्दी करू. त्या वर्षी प्रत्येक गावच्या शाळेने, प्रत्येक वसतिगृहाने, प्रत्येक शाखेने एक साधे काम करावे असे मला सुचवावेसे वाटते. आपल्या वस्तीचा हातपंप, विहीर, बोअर, यांच्या पाण्याची तपासणी मागावी, अहवाल मराठीत मागावा आणि तो चावडीवर लावावा. शेजारी कारखाना असेल तर त्याच्या मैल्याचा हिशेब मागावा. पुरावा आपण देत बसू नये, मागावा. १९२७ मध्ये आपण पाण्याला हात लावण्याचा हक्क घेतला. ते पाणी कसे आहे हे जाणून घेण्याचा हक्क घेणे अजून बाकी आहे.

ती मुलगी पुढच्या तासाला आली तेव्हा मी तिला एवढे सांगितले. तिने वहीत लिहून घेतले आणि विचारले, "सर, मग आपल्या कॉलेजच्या नळाचे पाणी कोणी तपासले आहे का?" मी प्राचार्यांकडे अर्ज दिला आहे. त्याची एक प्रत तिच्याजवळ आहे.